तीन नंबरच्या पोराचा हिशोब

रविवारी संध्याकाळी आमच्या घरी बावीस जर्सी धुतल्या जातात. बारा वर्षांखालच्या रग्बी संघाच्या. फ्रान्समधल्या जेर्स जिल्ह्याची माती इतकी चिकट आहे की जर्सी आधी अंगणात पाइपखाली धरून चिखल काढावा लागतो, नाहीतर मशीन तुंबतं. गेल्या महिन्यात अशीच पाइप धरून उभी होते, तेवढ्यात क्लबच्या अध्यक्षांचा मेसेज आला. एकच ओळ. ‘त्यानं सही केली.’

कोणी, ते विचारावं लागलं नाही. आमच्या क्लबमध्ये दहाव्या वर्षी आलेला, पंधराव्या वर्षी एका व्यावसायिक क्लबच्या ट्रेनिंग सेंटरने उचललेला, आता वीस वर्षांचा झालेला आमचा तीन नंबर. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना रेटतात त्यात, पुढच्या फळीत उजवीकडे उभा राहून ज्याच्या मानेवर आणि पाठीवर सगळा भार येतो, तो तीन नंबर. त्याचा पहिला व्यावसायिक करार झाला होता. मी ओल्या हातानेच नवऱ्याला हाक मारली, आणि मग जर्सी तशाच टाकून थोडा वेळ पायरीवर बसले.

नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. विमानांच्या कामानिमित्त आम्ही दोघं तुलूजला आलो आणि पुढे घरं परवडेनात म्हणून शहराच्या पश्चिमेला, जेर्समधल्या एका गावात राहायला आलो. फ्रान्सच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात रग्बी हाच गावाचा खेळ. देवळाचा मनोरा आणि रग्बीचे एच आकाराचे गोलपोस्ट, लांबून गाव ओळखायच्या या दोन खुणा. मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याचं नाव क्लबच्या ‘एकोल द रग्बी’त, म्हणजे लहान मुलांच्या रग्बीशाळेत घातलं. वर्षभरात क्लबची खजिनदार होती ती बाई दुसऱ्या गावी गेली, आणि ‘तू इंजिनिअर आहेस, तुला आकडे जमतात’ म्हणून वही माझ्याकडे आली. त्याला आता पाच वर्षं झाली.

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबांनी पेठेतल्या एका तालमीचा हिशोब तीस वर्षं सांभाळला. आमच्याकडे तालमीचे फुटबॉल संघ असतात हे कोल्हापूरबाहेरच्यांना नवल वाटतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल यांच्या मॅचला शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. बाबा पावतीपुस्तक घेऊन दुकान ते दुकान वर्गणीला फिरायचे, तेव्हा मी त्यांच्या सायकलच्या नळीवर बसलेली असायची. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरगं मोठं झालं, लई चांगलं झालं. पण वस्तादाला काय मिळालं गं?”

त्याचं उत्तर मला वहीत बघून द्यावं लागलं.

पाच वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा नियमाप्रमाणे आम्हाला पैसे मिळाले होते. फ्रेंच रग्बी फेडरेशनच्या नियमात ‘अँदेम्निते द फोर्मास्यों’ म्हणून एक तरतूद आहे: घडवलेला खेळाडू दुसरीकडे जातो तेव्हा नव्या क्लबाने जुन्याला द्यायचा मोबदला. मी नुकतीच खजिनदार झाले होते, माझ्या अक्षरातली ती पहिली मोठी जमा. पत्रं, आठवणीची पत्रं, मग पुन्हा एकदा आठवण, असं करत हंगाम संपता संपता रक्कम आली. तिच्यातून लहान मुलांच्या दोन संघांच्या जर्सी झाल्या. त्यातल्याच बावीस मी दर रविवारी धुते.

मला त्या रकमेचा राग नाही. त्यात कोण मोजलं गेलं नाही, ते मला सलतं.

क्लब म्हणजे काय, ते जरा जवळून सांगायला हवं. १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था, नफा नाही, पगार नाही. मैदान नगरपालिकेचं. बाकी सगळं आपलं आपण. बुधवारी दुपारी फ्रान्समध्ये लहान मुलांना शाळा नसते, तेव्हा सराव. शनिवारी सामने. दुसऱ्या गावी जायची बस, चेंडू, टॅकलच्या गाद्या, रेघा मारायचा चुना, विमा, सामन्यानंतर प्रत्येक पोराच्या हातात एक शोकोलातीन (हा पदार्थ पॅरिसवाले दुसऱ्या नावाने ओळखतात, ते नाव इथे कोणी घेत नाही). पैसा येतो लायसन्सच्या, म्हणजे खेळाडूच्या नोंदणीच्या फीतून, पालिकेच्या अनुदानातून, सामन्याच्या दिवशी चालणाऱ्या टपरीतून, बेकरीवाल्याच्या जाहिरातीतून आणि हिवाळ्यातल्या लोतोतून. शाळेच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं आकड्यांची कार्डं घेऊन बसतात, पहिलं बक्षीस मोठा हॅम. मी शाकाहारी बाई, पण तो हॅम कुठल्या दुकानात किती सवलतीत मिळतो ते मला पाठ आहे.

आणि शिकवणारे. एक पोस्टमन, एक शाळेची सेविका, एक बदकं पाळणारा शेतकरी, तोच आमचा अध्यक्ष. टॅकल शिकवणं ही जोखमीची गोष्ट आहे. डोकं चुकीच्या बाजूला गेलं की मान जाते. म्हणून सहा-सात वर्षांच्या पोरांना आधी गुडघ्यांवर बसवून शिकवतात: गाल समोरच्याच्या मांडीला मागून चिकटव, डोकं त्याच्या पाठीमागे, हात घट्ट गुंडाळ, मग पाड. शंभर वेळा. पाऊस असला तरी. आमचा तीन नंबर चौदा वर्षांचा असताना बुधवारी लवकर यायचा आणि लहान पोरांपुढे स्वतः उभा राहायचा, पाडून घ्यायला. माझा मुलगा त्याच्या मांडीला गाल लावून टॅकल शिकला. एवढा आडदांड पोरगा, पण पडताना लहानग्याचा हात आपल्याखाली येणार नाही अशा बेताने वळून पडायचा. हे त्याला कोणी शिकवलं, असं मी एकदा अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, “आम्ही नाही. येतानाच शिकून आला होता.”

कुठून? तर आमच्यापासून बारा किलोमीटरवरच्या गावातून. तिथला क्लब आमच्याहूनही लहान. हा पाचव्या वर्षी तिथे लागला. पोरं कमी झाली, शिकवणारे म्हातारे झाले, आणि इथे सगळीकडे होतं तसं झालं: आधी तीन गावांनी मिळून एक संघ केला, मग कागदावरचा क्लबही बंद झाला. पोरं आमच्याकडे आली, मैदानावर आता मेंढ्या चरतात. त्याला पडायला ज्यांनी शिकवलं, त्यांना एक दमडी मिळाली नाही. कोणी पत्रही लिहिलं नाही. मीही नाही लिहिलं, आणि याचं मला वाईट वाटतं.

याच्या कितीतरी पट मोठी गोष्ट आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी घडली आहे. ओश हे वीस-बावीस हजार वस्तीचं गाव. १९७७ चा ग्रँड स्लॅम (युरोपातल्या मोठ्या संघांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं) मिळवणाऱ्या फ्रान्सचा कर्णधार जाक फुरू इथला. मैदानाला त्याचंच नाव आहे. एफसी ओश हा क्लब देशाच्या सर्वात वरच्या श्रेणीत खेळलेला. आता १९ मार्च २०२२ ची संध्याकाळ आठवा, म्हणजे ज्यांनी पाहिली असेल त्यांनी. स्ताद द फ्रान्स, समोर इंग्लंड, फ्रान्स २५-१३ ने जिंकला आणि २०१० नंतर पहिला ग्रँड स्लॅम मिळाला. त्या पंधरा जणांत कर्णधार आंतुआन द्यूपों, आठ नंबरला ग्रेगरी ऑलड्रिट, फ्लँकर आंतोनी जलोंश. तिघेही ओशमधून गेलेले. हुकर पिएर बुर्गारी हा चौथा आंतरराष्ट्रीय खेळाडूही त्याच क्लबचा. देशाच्या संघाचा पाचवा हिस्सा एका तालुक्याएवढ्या गावातून!

आणि तो क्लब त्या संध्याकाळी अस्तित्वात नव्हता. २०१७ मध्ये दिवाळं निघून एफसी ओश बंद पडला होता. गावाने आरसी ओश नावाने नवा क्लब काढला आणि अगदी खालून, प्रादेशिक पातळीवरून पुन्हा सुरुवात केली.

मोबदला नीट मिळाला असता तर ओश वाचला असता, असं मी म्हणणार नाही. मोठ्या संघाचं कर्ज ही वेगळी गोष्ट असते, तीस वर्षं हिशोब बघितलेल्या माणसाची मी मुलगी आहे, उगाच जोड लावणार नाही. पण त्याही आधीचा टप्पा बघा. द्यूपों ओशला आला तो किशोरवयात. त्याआधी तो शेजारच्या जिल्ह्यात कास्तेलनो-मान्योआकला खेळत होता, आठशेच्या आसपास वस्तीचं गाव. २०२१ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचं (सात-सात जणांच्या रग्बीचं) सुवर्ण, हे सगळं ज्या हातांनी मिळवलं ते हात तिथे घडले. मान्योआक, मग ओश, मग कास्त्र, मग तुलूज. या रांगेत जितकं मागे जाल तितकं गाव लहान, आणि जितकं पुढे याल तितका पैसा मोठा.

रग्बीत हा प्रश्न तसा तरुण आहे. ऑगस्ट १९९५ पर्यंत या खेळात पैसे घेणंच नियमाबाहेर होतं. मग पॅरिसच्या बैठकीत खेळ ‘खुला’ जाहीर झाला. वर करार आले, टीव्ही आला. खाली पोस्टमन आणि शेतकरी तसेच राहिले.

फुटबॉलवाल्यांनी यावर एक उपाय काढला आहे आणि तो मला मनापासून आवडतो. खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात विकत घेतला, की रकमेतले ५ टक्के त्याच्या लहानपणच्या क्लबांना जातात. बाराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत वर्षागणिक वाटा ठरलेला: पहिली चार वर्षं पाव टक्का, नंतर अर्धा टक्का. हे पैसे वाटायला फिफाने २०२२ मध्ये पॅरिसला एक स्वतंत्र क्लिअरिंग हाउस सुरू केलं, म्हणजे खेड्यातल्या खजिनदाराला आठवणीची पत्रं लिहावी लागत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. पत्रं मीही लिहिली आहेत.

पण रग्बीला ते जसंच्या तसं लागू होत नाही. इथे खेळाडू बहुतेक वेळा करार संपल्यावर क्लब बदलतो. विक्रीची रक्कमच नसेल तर तिचे पाच टक्के कशाचे काढणार? देशाबाहेर जाणाऱ्या तरुण खेळाडूंसाठी वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा मोबदल्याचा नियम आहे, पण आमचा तीन नंबर शंभर किलोमीटरवर गेला, देश ओलांडून नाही.

म्हणून मला वाटतं हिशोब विक्रीवर न धरता पहिल्या करारावर धरावा. पोराने आयुष्यातला पहिला व्यावसायिक करार केला, की त्याच्या क्लबाने एका मध्यवर्ती खात्यात ठरलेली रक्कम भरायची. पोराच्या पगारातून एक सेंट कापायचा नाही. आणि ती रक्कम त्याच्या पहिल्या लायसन्सपासून, अगदी पाचव्या-सहाव्या वर्षापासून, वर्षं मोजून वाटायची. फेडरेशनकडे प्रत्येक पोराचा लायसन्स नंबर आहे, कुठल्या हंगामात कुठल्या क्लबात होता याची नोंद आहे. शोधायला काही नाही, फक्त मोजायचं आहे.

पैसे कुठून? टॉप १४ या देशातल्या सर्वात वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबला पगारावर १ कोटी ७ लाख युरोची मर्यादा आहे. चौदा क्लबांचे धरले तर जवळजवळ १५ कोटी. त्याचा एक टक्का १५ लाख युरो. देशात जवळपास दोन हजार क्लब आहेत. सगळ्यांना सारखे वाटले तर वाट्याला ७५० युरो, एका लांबच्या सामन्याची बस. पण वर्षं मोजून वाटले तर वेगळं चित्र दिसतं. समजा, वर्षाला शंभर पोरं पहिला करार करतात. एकेकामागे १५ हजार युरो. पाचव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत पंधरा हंगाम, हंगामाला हजार. आमचे पाच हजार. शेवटच्या पाच वर्षांचे पाच हजार ट्रेनिंग सेंटरवाल्यांचे स्वतःचेच, त्यांनीही मेहनत घेतली आहे. आणि पाच हजार त्या मेंढ्या चरतात त्या मैदानाचे.

टीव्हीचे हक्क २०२३ ते २०२७ या चार हंगामांसाठी सरासरी ११ कोटी ३६ लाख युरो हंगामाला, या भावाने गेले आहेत. १५ लाख त्यात शोधावे लागतील, असं मला वाटत नाही. शिवाय फ्रान्समध्येच घडलेले खेळाडू खेळवा, असा नियम २०१० पासून आहे. सामन्याच्या तेवीस जणांत सरासरी सोळा तसे लागतात आणि नियम पाळणाऱ्या मोठ्या क्लबांना त्यासाठी पैसेही मिळतात. नियम चांगलाच आहे. त्यामुळेच आमच्यासारख्या गावांकडे बघायला माणसं येतात. पण ‘इथे घडलेला’ या शब्दातलं ‘इथे’ म्हणजे नेमकं कुठलं मैदान, ते मोजणारं कोणी नाही.

अध्यक्षांना मी हे सगळं टपरीच्या मागे बाकावर बसून सांगितलं, कागदावर आकडे मांडून. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. “आपण बदकं विकतो,” ते म्हणाले, “पोरं नाही.” त्यांची भीती मला कळते आणि तिचा मी मान राखते. पोराच्या नावापुढे किंमत लागली की शनिवारी बापलोक मैदानाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतील. शिकवणारा आठ वर्षांच्या पोराचे खांदे मापायला लागेल. आणि एखाद्या पोराला पुढे जायचं असेल तर ‘आधी पैसे’ म्हणून अडवणारा क्लबही निघेल. गरिबाच्या पोराचं त्यात मरण.

त्यावर मी त्यांना एका खटल्याची गोष्ट सांगितली. ऑलिव्हिए बर्नार नावाचा तरुण फुटबॉलपटू लियोंच्या क्लबात तयार झाला, त्यांचा करार नाकारून २००० मध्ये इंग्लंडला न्यूकॅसलला गेला. लियोंने भरपाई मागितली. प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१० मध्ये निकाल लागला. घडवण्याचा मोबदला मागणं योग्य आहे, पण तो खरोखरच्या खर्चाशी जुळला पाहिजे, शिक्षा म्हणून लावता येणार नाही. आणि त्या निकालात एक गोष्ट आहे जी वाचून मी वही मिटून ठेवली होती: खर्च धरताना जी मुलं पुढे कधीच व्यावसायिक होणार नाहीत त्यांच्यावरचा खर्चही धरायचा.

कारण स्क्रम एकट्याने होत नाही. तीन नंबर घडायचा तर त्याच्या शेजारी दोन नंबर लागतो, समोर ढकलणारा एक नंबर लागतो, मागून रेटणारे पाच जण लागतात. त्याच्या वयाच्या गटातल्या पोरांची यादी माझ्यापुढे आहे. एक जण आता सुतार आहे, एक नर्सिंग शिकतो, एकाने खांदा निखळल्यावर खेळ सोडला आणि बुधवारी लहान पोरांना शिकवायला येतो. ते सगळे नसते तर हा नसता. आपण मागतो ते पैसे त्या सगळ्यांच्या बसचे, शोकोलातीनचे आणि चुन्याचे. अध्यक्ष बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, “मग पत्र लिही. पण आपल्यासाठी नको. आधी त्यांच्यासाठी.”

भारतातही हे लवकरच दारात येणार आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, सहा संघांचा. कबड्डीची लीग तर २०१४ पासून चालू आहे. तालमी, मंडळं, क्रीडाशिक्षक यांचा वाटा पहिल्या दिवसापासून कागदावर लिहून ठेवला तर पुढे कोणाला आठवणीची पत्रं लिहावी लागणार नाहीत. बाबांना हे फार पटलं. “पावती असली की भांडण नाही,” म्हणाले.

गेल्या शनिवारी मी त्या बारा किलोमीटरवरच्या गावी जाऊन आले. बंद पडलेल्या क्लबच्या शेवटच्या खजिनदार बाई अजून आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणते. गॅरेजमध्ये ट्रॅक्टरच्या टायरांमागे त्यांनी पुठ्ठ्याचा खोका जपून ठेवला होता. लायसन्सचे अर्ज, वर्षावार, सुतळीने बांधलेले. त्यांनी चष्मा लावला आणि आमच्या तीन नंबरचा पहिला अर्ज काढला. पाच वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेले, फोटोला लावलेली पिन गंजलेली. वजनाच्या रकान्यात त्यांनी तेव्हा पेन्सिलने लिहिलं होतं: ‘घाबरतो. पडायला शिकवणं.’

“यावर काही मिळेल असं वाटतं तुला?” आजींनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण पत्रात पाच हंगाम लिहायचे तर हे पाच कागद लागतील. त्यांनी पाचही अर्ज मोजून माझ्या हातात दिले, आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर माझ्याकडून लिहून घेतलं: पाच अर्ज मिळाले, तारीख, सही.